विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बहुधा कीव करण्यासाठी वापरतो. धड घर नाही, ठावठिकाणा नाही, जे काही आहे ते पाठीवर, असा तिचा सूर असतो. इंटरनेटवर लेखकांना फुकट मिळालेल्या जागांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहताना मला मात्र ती उलट बाजूने पटत गेली. या जागा आल्या, भरल्या आणि बंद झाल्या. ज्यांना आपले बिऱ्हाड उचलून निघता आले, त्यांचे लेखन टिकण्याची शक्यता अधिक राहिली. ज्यांनी बिऱ्हाड घरमालकाच्या कपाटात ठेवले होते, त्यांचे लेखन कपाटाबरोबर गेले. स्वतःचा, फुकट, 'स्टॅटिक' ब्लॉग हा अशा पाठीवरच्या बिऱ्हाडाचाच एक प्रकार आहे, आणि तो कसा घडला हे साहित्याच्या माणसांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आधी 'स्टॅटिक' या शब्दाविषयी. आज आपण पाहतो ती बहुतेक पाने हॉटेलच्या पद्धतीने तयार होतात. गिऱ्हाईक आले की आत ऑर्डर जाते, सर्व्हरवरचा प्रोग्राम माहितीच्या कोठारातून मजकूर काढतो, त्याला साचा चढवतो आणि पान वाढतो. पुढचे गिऱ्हाईक आले की पुन्हा तेच. स्टॅटिक पान म्हणजे सकाळी भरून ठेवलेला डबा. पान एकदाच तयार होते आणि फाइल म्हणून पडून राहते. जो मागेल त्याला तीच फाइल जशीच्या तशी मिळते. त्यामुळे ते चालवायला खर्च फारच थोडा लागतो आणि बिघडण्यासारखेही फार काही नसते. फुकट देणे परवडते ते याच कारणाने.

सुरुवातीला बहुतेक पाने अशीच होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब घडवले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी मोकळे केले. त्या काळात वैयक्तिक पान मिळवण्याचा हमरस्ता विद्यापीठातून जात होता. विद्यार्थ्याला किंवा प्राध्यापकाला संस्थेच्या संगणकावर एक फोल्डर मिळे. त्यात एचटीएमएलच्या फाइली ठेवायच्या, आणि पत्त्यात एक नागमोडी चिन्ह व त्यापुढे आपले नाव. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या जस्टिन हॉलने जानेवारी १९९४ मध्ये आपले पान सुरू केले आणि पुढे स्वतःच्या आयुष्याविषयी त्यावर इतके सातत्याने लिहिले, की ब्लॉगच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा त्याच्यापासून केली जाते. पण ही जागा फुकट होती ती संस्थेच्या आत असलेल्यांना. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले तेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत.

संस्थेबाहेरच्या माणसाला जागा दिली ती जिओसिटीजने. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी 'बेव्हर्ली हिल्स इंटरनेट' या नावाने सुरू केलेल्या या कंपनीने वेबवर वस्त्या आखल्या. शिक्षण, लेखन, तत्त्वज्ञान यांची आवड असलेल्यांनी 'अथेन्स'मध्ये घर घ्यायचे, कलावंतांनी 'सोहो'मध्ये. प्रत्येक पानाला वस्तीचे नाव आणि घर क्रमांक. भडक पार्श्वभूमी, लुकलुकणारी चित्रे, 'काम चालू आहे'च्या पाट्या, हे सगळे आज हास्यास्पद वाटते. पण संपादकाची, प्रकाशकाची किंवा प्राध्यापकाची परवानगी न घेता लाखो माणसांनी स्वतःच्या हाताने पाने रचली ती तिथे. जानेवारी १९९९ मध्ये याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी, जूनमध्ये, एक प्रसंग घडला जो प्रत्येक अनुवादकाने लक्षात ठेवावा असा आहे. याहूने नव्या अटी आणल्या. रहिवाशांनी ठेवलेला मजकूर वापरण्याचे, बदलण्याचे आणि पुन्हा प्रसिद्ध करण्याचे कायमचे हक्क त्या अटींनुसार कंपनीकडे जात होते. रहिवाशांनी बहिष्कार पुकारला, अनेकांनी निषेध म्हणून आपल्या पानांचे रंग उतरवून ती करडी केली आणि थोड्याच दिवसांत याहूला माघार घ्यावी लागली. मूळ लेखक अशा अटीवर निदान स्वतःच्या मजकुरापुरती सही करू शकतो. अनुवादक तेही करू शकत नाही. माझ्याकडे असते ती कवीने किंवा त्याच्या वारसांनी दिलेली मर्यादित परवानगी. जो हक्क माझ्याकडे नाही तो मी घरमालकाला कुठून देणार? फुकट जागेच्या भाड्याचा हा करार बारीक टाइपात असतो, आणि तो बहुधा घरमालकच बदलू शकतो.

मराठीच्या वाट्याला त्याच दशकात आणखी एक घरमालक आला होता, तो म्हणजे फॉन्ट. 'शुषा', 'श्रीलिपी' किंवा सी-डॅकचे 'सुरेख' यांसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. वाचणाऱ्याच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसे. म्हणजे मजकूर आपला, पण त्याचा अर्थ दुसऱ्याच्या फाइलवर अवलंबून. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. घरोघरच्या संगणकांवर ती उतरायला विंडोज २००० आणि त्यानंतरचे विंडोज एक्सपी यावे लागले. त्यांच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठीतून पहिल्यांदा युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या अनेकांनी आपली अक्षरे एका कवीच्या वळणातच पाहिली, हे आपण फारसे बोलत नाही.

इकडे घरबांधणीची पद्धत बदलत होती. ऑगस्ट १९९९ मध्ये आलेल्या ब्लॉगरने एचटीएमएल न शिकता लिहिण्याची सोय केली. आज विसरायला झाले आहे, पण ब्लॉगर सुरुवातीला तयार पाने लिहिणाऱ्याच्याच सर्व्हरवर पोचवत असे. २००१ मध्ये बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याने आणलेल्या 'मूव्हेबल टाइप'चे नावच छापखान्यातून आलेले. तेही लेख लिहून झाला की सगळी पाने नव्याने 'बांधून' ठेवी. मात्र लेख वाढले की ही बांधणी मिनिटेच्या मिनिटे चाले. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने हॉटेलची पद्धत घेतली: बटण दाबले की लेख लगेच हजर. २००४ मध्ये मूव्हेबल टाइपने परवान्याच्या अटी आणि दर बदलले, तेव्हा नाराज झालेले बरेच जण तिकडे वळले. पुढे मे २०१० मध्ये ब्लॉगरनेही लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाने पाठवणे बंद केले. सोय वाढत गेली आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या घरातून कंपनीच्या कोठारात गेला.

भारतीय भाषांसाठी हीच वर्षे भराची होती, त्यामुळे या सोयीला नावे ठेवणे मला जमत नाही. हिंदीतला पहिला ब्लॉग मानला जाणारा 'नौ दो ग्यारह' २००३ मधला. हिंदीने ब्लॉगला 'चिट्ठा' म्हटले, मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' हे शब्द फिरू लागले. दिवाळी अंकाच्या दारात उभे न राहता लिहिणारे किती तरी लेखक या फुकट जागांमुळे पुढे आले. पण जागा एकाच मालकाची असली की एकाच कुलपाने सगळी बंद होते, हेही लगेच दिसले. जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलगाड्यांमधल्या स्फोटांनंतर, सरकारने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना तेवढीच पाने अडवता आली नाहीत किंवा त्यांनी तेवढा त्रास घेतला नाही. ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज हे पत्तेच्या पत्ते काही दिवस बंद राहिले. स्वयंपाकाच्या पाककृती आणि प्रेमकविताही त्यात अडकल्या.

२६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाले. 'भाड्याचे घर अन् खाली कर' ही म्हण इतक्या मोठ्या वस्तीला एकदम लागू झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. जेसन स्कॉट आणि त्यांच्या 'आर्काइव्ह टीम'मधल्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढे उतरवून घेतले आणि पुढच्या वर्षी सहाशे जीबीहून मोठा संग्रह सर्वांसाठी खुला केला. ओल्या लिआलिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड हे कलावंत त्या ढिगाऱ्यातून एकेक पान पुन्हा उभे करून दाखवत आले आहेत. हे शक्य झाले, कारण ती पाने स्थिर होती. साध्या फाइली होत्या म्हणून त्या उचलता आल्या. कोठारातून क्षणोक्षणी शिजणारी पाने असती, तर वाचवणाऱ्यांच्या हाती फार तर छायाचित्रे लागली असती.

योगायोग असा की जिओसिटीज मिटण्याच्या वर्षभर आधीच जुनी पद्धत नव्या रूपात परतली होती. १७ नोव्हेंबर २००८ रोजी, गिटहब या कंपनीचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी 'ब्लॉगिंग लाइक अ हॅकर' हा लेख लिहिला आणि 'जेकिल' नावाचे आपले छोटे अवजार जाहीर केले. शीर्षक हॅकरचे, पण लेखाची सुरुवात साहित्याची आहे. आपण व्यावसायिक लेखक होणार असे वाटत होते त्या काळात, २००० साली, लाइव्हजर्नलवर होतकरू कवी-लेखकांबरोबर तासन्‌तास लिहिण्याचा सराव केल्याचे ते सांगतात. मोठ्या ब्लॉग-यंत्रणांची कटकट त्यांना नको होती. मजकूर साध्या फाइलीत लिहावा, साचे वेगळे ठेवावेत, एका आज्ञेने पाने बांधून घ्यावीत, एवढीच अपेक्षा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गिटहबने अशी पाने फुकट ठेवण्याची सोय दिली, 'गिटहब पेजेस'. पुढे २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांचे 'ह्यूगो' आणि त्यानंतर झॅक लेदरमन यांचे 'इलेव्हन्टी' आले. तत्त्व तेच: घरी बांधायचे आणि डबा नेऊन ठेवायचा.

असा ब्लॉग उभारताना हाती येते ते एक फोल्डर. जेकिलमध्ये त्याच्या पोटात लेखांचे एक फोल्डर असते, साच्यांचे एक, आणि ब्लॉगचे नाव, भाषा, पत्ता नोंदवणारी एक छोटी फाइल. प्रत्येक लेख ही एक साधी मजकूर-फाइल. तिच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस आणि मग शीर्षक. आत वरच्या बाजूला तीन-तीन संयोगरेषांच्या मध्ये शीर्षक, प्रकार यांच्या ओळी आणि खाली लेख. लेख 'मार्कडाउन' या पद्धतीने लिहायचा, जी जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने २००४ मध्ये आणली: ठळक शब्दाभोवती ताराचिन्हे, मथळ्यापुढे एक खूण, बस. ईमेलमध्ये लोक आपसूक जसे लिहीत होते त्यावरूनच ती घेतलेली आहे. तिचा मोठा गुण असा की यंत्र नसले तरी ती वाचता येते. उद्या जेकिल नाहीसे झाले तरी माझ्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडतील आणि कविता कवितेसारखी दिसेल. फॉन्टच्या काळातून आलेल्या मराठी वाचकाला या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

खरे काम पुढे आहे, ते या घराला मराठी करून घेण्याचे. फुकट मिळणारे साचे इंग्रजी मुद्रणाच्या सवयी घेऊन येतात. मथळ्यातली अक्षरे दूर दूर मांडणे इंग्रजीत शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. तिरपी अक्षरे आपल्या मुद्रणपरंपरेत जवळजवळ नाहीतच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरालाच कलंडवतो. ओळींमधले अंतर इतके कमी असते की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. महिन्यांची नावे जेकिल इंग्रजीत देते. जानेवारी ते डिसेंबर अशी यादी आपण वेगळ्या फाइलीत लिहून साच्याला ती वापरायला सांगावी लागते. यातली एकेक दुरुस्ती दोन-चार ओळींची आहे, पण ती आपल्याला करता येते हे महत्त्वाचे. बड्या मालकाच्या घरात शिरोरेषा तुटली तर तक्रार करून वाट पाहावी लागते.

एक दुरुस्ती तर बहुभाषक वाचकांना विशेष रुचावी. पानाच्या सुरुवातीला भाषा नोंदवायची एक जागा असते. साच्यात तिथे इंग्रजीची खूण असते. ती बदलून 'एम' आणि 'आर' ही मराठीची दोन अक्षरे लिहायची. देवनागरीच्या काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे ठेवलेली असतात. ही खूण दिसली की मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' पुढे येतो. ऐकून वाचून दाखवणाऱ्या यंत्रांनाही उच्चार कोणत्या भाषेचे करायचे ते यावरूनच कळते. एकाच पानावर मूळ हिंदी कविता आणि तिचा मराठी अनुवाद शेजारी ठेवायचा असेल, तर प्रत्येक स्तंभाला आपापली खूण देता येते. लिपी एक, भाषा दोन, आणि पानाला ते माहीत आहे. अनुवादाचे पान याहून अधिक काय मागणार?

या लेखाच्या शीर्षकातला शब्दही एक चाचणीच आहे. 'बिऱ्हाड'मधला आडवा, पापणीसारखा 'र' मराठीचा खास. युनिकोडमध्ये तो मिळतो तो दक्षिणेकडच्या भाषांमधल्या एका वेगळ्या 'र'साठी ठेवलेल्या अक्षराचा पाय मोडून. तोच आकार साध्या 'र'चा पाय मोडून आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधणाऱ्या यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. म्हणून एकच पद्धत ठरवून सगळ्या फाइली तशा करून घ्याव्यात. फाइलीचे नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवलेले बरे. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांत रूपांतर होते. 'बिऱ्हाड' एवढ्या शब्दाला त्रेसष्ट चिन्हे लागतात आणि तो पत्ता कुणाला पाठवला की मंत्रतंत्र पाठवल्यासारखे दिसते.

फोल्डर गिटहबवर जाते ते 'गिट'मार्फत. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हे अवजार केले ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. अनुवादकाला ते अधिक शोभते असे माझे मत आहे. प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदला जातो. 'ओसरी'च्या जागी 'पडवी' कधी आली, कडव्यातली ओळ किती वेळा फिरली, हे वर्षांनंतरही काढून पाहता येते. फुकट खात्यात हे सगळे उघड असते, म्हणून कच्चे खर्डे बाहेर दिसू नयेत असे वाटणाऱ्यांनी ते वेगळे ठेवावेत. पण गिटचा त्याहून मोठा गुण प्रतींचा आहे. ज्याच्याकडे फोल्डरची प्रत, त्याच्याकडे सगळा इतिहास. मूळ आणि नक्कल असा भेद राहत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदींचे 'शब्द' सायक्लोस्टाइलवर निघत होते. १९६० च्या दशकात अलाहाबादहून अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांचे 'डॅम यू' असेच निघाले. बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ मध्ये काढलेल्या नियतकालिकाचे तर नावच होते 'वृश्चिक'. त्यांच्यामागे मोठी संस्था नव्हती, पैसा नव्हता, कायमचा पत्ताही नव्हता. त्यांचे अंक आपल्यापर्यंत पोचले ते वाचणाऱ्यांनी आपापल्या प्रती कपाटात जपल्या म्हणून. छोट्या प्रकाशनाचे आयुष्य त्याच्या पत्त्यावर अवलंबून नसते. ते उचलून नेता येण्यावर आणि प्रती पसरण्यावर असते.

म्हणून गिटहबलाही कायमचे घर समजू नये. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना घेतले. त्याआधी २०१३ मध्ये सगळ्या पानांचा पत्ता एका शेपटाकडून दुसऱ्याकडे गेला होता. आणि डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या सरकारने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला, त्यात व्हिमिओ होते, इंटरनेट आर्काइव्ह होते आणि गिटहबही होते. काही दिवसांत बरीचशी पुन्हा उघडली. फरक एवढाच, की अशा वेळी स्टॅटिक ब्लॉगवाल्याच्या घरी सगळा मजकूर शाबूत असतो आणि तोच डबा दुसऱ्या फुकट जागी ठेवायला एक दुपार पुरते. स्वतःचे नाव विकत घेतले असेल, तर वाचकाला पत्ताही बदलावा लागत नाही. अर्थात नावही वर्षाच्या भाड्यानेच मिळते, हे विसरू नये.

या पद्धतीची किंमत पैशात नाही, शिकण्यात आहे. आज्ञा इंग्रजीत, चुकांचे निरोप इंग्रजीत, माहितीपुस्तिका इंग्रजीत. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याच्यासाठी ही वाट अवघड आहे. वाचकांचे अभिप्राय घेण्याची सोय मुळात नाही. मी लेखाखाली ईमेलचा पत्ता देते आणि येतात ती पत्रे असतात. मोठ्या मालकांनी लेखकांना जिंकले ते फसवून नव्हे, तर हे सगळे शिकण्यापासून सुटका देऊन. ती सुटका अनेकांना हवी असणार आणि ते त्या जागांवर लिहीत राहणार, हे मी धरून चालते. त्यांना सांगण्यासारखी गोष्ट एकच: जिथे कुठे लिहाल तिथे, लिहिलेले साध्या मजकूर-फाइलीत, युनिकोडमध्ये, आपल्या घरीही ठेवा. साचा नंतर चढवता येतो. जागा नंतर शोधता येते.

माझ्या ब्लॉगच्या फोल्डरची एक प्रत माझ्या संगणकावर आहे, एक गिटहबवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे, पेन ड्राइव्हवर. तिचे फोल्डर माझ्याकडे आहे. ती कन्नडमधून हिंदीत अनुवाद करते. दर दिवाळीला आम्ही एकमेकींच्या फाइली उघडून अक्षरे नीट दिसतात का ते पाहतो.